द्राक्षमळ्यातला पाहुणा, परदेशातली बाटली

अकलूजचे नाव दिल्लीत आजवर ऐकू येत असे ते साखर कारखाना आणि सहकारातले राजकारण यांच्या संदर्भात. अलीकडे ते राजधानीतील मोठ्या हॉटेलांच्या पेयपत्रिकेतही शिरले आहे. सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात, अकलूजच्या आसपासच्या शिवारात, 'फ्रातेली' या कंपनीचे द्राक्षमळे आहेत. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ भाऊ. २००७ मध्ये तीन घरांतील भावाभावांनी मिळून ही कंपनी उभी केली : इटलीचे सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील. तिच्या मानाच्या वाइनचे नाव 'सेत्ते', म्हणजे सात. सहा भाऊ आणि सातवे टस्कनीचे वाइनतज्ज्ञ पिएरो मासी. २०२४ मध्ये हा व्यवसाय दिल्लीतील 'टिन्ना ट्रेड' या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीकडे आला आणि पुढे त्या कंपनीनेच 'फ्रातेली व्हाइनयार्ड्स' हे नाव धारण केले. जमीन माळशिरसची, कसब टस्कनीचे, कचेरी दिल्लीची. मळ्यावर पाहुण्यांसाठी मोजक्या खोल्या आधीपासून होत्या. आता त्या जागी आलिशान निवासाचा विचार आहे आणि परदेशी बाजारात अधिक जोमाने उतरण्याचाही.

अशा बेतांकडे पाहण्याच्या आपल्याकडे दोन ठरीव रीती आहेत. एका रीतीने तो श्रीमंतांचा चोचला ठरतो. दुष्काळी जिल्ह्यात पोहण्याचे तलाव बांधले जातात आणि त्याला पर्यटन म्हणतात. दुसऱ्या रीतीने तो 'भारताचे कॅलिफोर्निया' घडवण्याचा राष्ट्रीय उपक्रम ठरतो आणि मंत्रिमहोदय फीत कापायला येतात. सरकारी सेवेत मी या दोन्ही भाषांतील टिप्पण्या वाचल्या आहेत, आणि काही लिहिल्याही आहेत हे कबूल केले पाहिजे. दोन्ही भाषा एका साध्या प्रश्नाला बगल देतात. मळ्यातली खोली आणि लंडनच्या दुकानातली बाटली यांचा परस्परांशी संबंध काय? आणि त्या दोहोंच्या मधे उभा असलेला द्राक्ष बागायतदार या व्यवहारात कुठे बसतो?

आधी खोलीकडे पाहू. भारतात मद्याची उघड जाहिरात करता येत नाही. दूरचित्रवाणीवरील बंदी १९९४ च्या केबल टेलिव्हिजन नियमांपासूनची आहे. व्हिस्कीच्या कंपन्या सोडा, संगीत किंवा क्रिकेट यांच्या आडून आपले नाव लोकांसमोर ठेवतात. त्यासाठी लागणारा पैसा त्यांच्याकडे असतो. वाइनचा धंदा त्या मानाने अगदी लहान. त्यात वाइन करणारा आणि वाइन पिणारा यांची गाठही पडत नाही, कारण मधे परवानाधारक घाऊक व्यापारी किंवा राज्याचे महामंडळ असते. द्राक्षाची जात कोणती, बाटली किती थंड हवी, अमुक वाइन कशाबरोबर घ्यायची, हे सांगण्याची एकमेव कायदेशीर जागा म्हणजे स्वतःचा मळा. द्राक्षमळ्यातील निवासाचा खरा अर्थ हा आहे. चैनीच्या वेष्टनातली ती जाहिरातच आहे, आणि तिचे पैसे पाहुणाच देतो.

हे नाशिकने प्रथम ओळखले. राजीव सामंत यांनी गंगापूरच्या परिसरात १९९७ मध्ये वाइनच्या द्राक्षांची लागवड केली. 'सुला'ची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली आणि २००५ मध्ये मळ्यावर टेस्टिंग रूम उघडली. २००८ पासून संगीत महोत्सव भरू लागला. राहण्याच्या खोल्या त्यानंतरच्या. मुंबई-पुण्याच्या एका पिढीने आयुष्यातला पहिला वाइनचा पेला तिथे हाती धरला आणि घरी जाताना दोन बाटल्या विकत घेतल्या. त्या दोन बाटल्यांवर कोणत्याही वितरकाची दलाली नव्हती. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीचे समभाग बाजारात आले, तेव्हा गुंतवणूकदारांनी विकत घेतली ती केवळ वाइन नव्हती. त्यात त्या पाहुण्यांच्या रांगेचाही भाव धरलेला होता.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात फारसे नवे वाटत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. आजच्या उत्पादन शुल्क आयुक्ताचा तो पूर्वज. पानगृहे कशी असावीत हे तिथे बारकाईने सांगितले आहे : अनेक दालने, निजण्याबसण्याची वेगवेगळी सोय, सुगंध, फुलांच्या माळा, पाणी आणि ऋतुमानानुसार सुखकर वातावरण. एखाद्या रिसॉर्टच्या माहितीपत्रकात याहून अधिक काय असते? मात्र त्याच प्रकरणात दुसरी एक गोष्ट आहे आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. द्राक्षाच्या मद्याला कौटिल्य त्याच्या देशावरून ओळखतो. कापिशायन म्हणजे कपिशा प्रांतातले, आजच्या काबूलच्या उत्तरेकडचे. त्याच्या लेखी त्या मद्याला करणाऱ्याचे नाव नाही, गावाचे आहे. दोन हजार वर्षांनंतरही परदेशात वाइन विकण्याचे मर्म तेवढेच आहे, आणि नेमके तेच आपण अजून नीट साधलेले नाही.

परदेशाचा आपला पहिला मोठा प्रयोग पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावचा. १९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी पायपर-हाइडसिक या नामांकित फ्रेंच घराण्याच्या तांत्रिक साहाय्याने 'शातो इंडाज'ची उभारणी केली. त्यांची फेसाळ वाइन 'ओमर खय्याम' या नावाने लंडनपर्यंत गेली. नाव पाहा : कवी इराणचा, पद्धत शांपेनची, 'शातो' फ्रेंच. नारायणगाव बाटलीच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत. तरीही ते धाडस अपूर्व होते. त्या काळी परकीय चलन मिळवून देणाऱ्या कोणत्याही बाटलीकडे उद्योग भवनात कौतुकाने पाहिले जाई. पुढे देशातील बाजार पुरता रुजण्याआधीच कंपनीने ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमध्ये खरेदी केली. २००८ ची जागतिक मंदी आली आणि कर्जे थकली. काही वर्षांत हा सगळा डोलारा कोसळला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात कंपनीच्या समापनापर्यंत गेले. बाहेरच्या प्रतिष्ठेवर घरचा व्यवसाय उभा राहत नाही, एवढा बोध त्यातून दिल्लीने घ्यायला हवा होता. तो घेतला गेला असे वाटत नाही, कारण आजही निर्यातीची चर्चा परदेशी प्रदर्शनात किती दालने मांडली यापाशीच थांबते.

अशा प्रदर्शनांबद्दल मला आदर नाही असे नाही. 'अपेडा' ही कृषिमालाच्या निर्यातीचे काम पाहणारी केंद्र सरकारची संस्था. तिची कचेरी दिल्लीत सिरी फोर्टजवळ आहे. जून २०२२ च्या लंडन वाइन फेअरमध्ये तिने दहा भारतीय उत्पादकांना नेले होते. सुला, ग्रोव्हर झाम्पा, फ्रातेली अशी मोठी नावे त्यात होती, शिवाय नाशिकच्या छोट्या वाइनरीही. असे करणे योग्यच. पण अशाच एका जुन्या व्यापारमेळ्यात मी पाहिलेला प्रसंग विसरता येत नाही. एका वयस्क आयातदाराने आपल्या दालनात घोट घेतला, मान डोलावली आणि भाव विचारायच्या आधी विचारले, हे गाव कुठे आहे, आणि तिथे जाता येते का? आमच्याकडे अनुदानाची कोष्टके होती, शुल्काचे तक्ते होते, नकाशा नव्हता. एका कनिष्ठ सहकाऱ्याने कागदाच्या पाठीवर पेनने मुंबई काढली, तिच्या ईशान्येला एक ठिपका दिला आणि नाशिक असे लिहिले. आयातदाराने तो कागद घडी करून खिशात ठेवला.

त्या गृहस्थाला जे हवे होते ते म्हणजे गाव, तिथली माती आणि तिथे जाऊन आलेल्या माणसाची हकिगत. द्राक्षमळ्यातील निवास निर्यातीला मदत करतो तो या अर्थाने. मळ्यावर दोन रात्री राहिलेला पाहुणा परतल्यावर आपल्या गावच्या दुकानात त्या नावाची बाटली शोधतो. स्पेनच्या रिओहा या वाइनक्षेत्रात एल्सिएगो नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या मार्केस दे रिस्काल या जुन्या वाइनरीने वास्तुविशारद फ्रँक गेरी यांच्याकडून हॉटेल बांधून घेतले आणि ते २००६ मध्ये उघडले. जगभरचे लोक त्या वळणदार धातूच्या छपरासाठी येऊ लागले. परंतु रिओहाचे नाव आणि त्या नावाचे नियम त्याच्या कितीतरी आधीपासून पक्के होते. हॉटेलने त्या नावावर कळस चढवला. आपल्याकडे पाया भरण्याआधीच कळसाची वर्गणी गोळा होऊ लागली आहे.

पाया म्हणजे काय, तर नावामागचा नियम. 'नाशिक व्हॅली वाइन' या नावाने भौगोलिक मानांकन नोंदलेले आहे. २०११ मध्ये भारत आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेचा सदस्य झाला. अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मद्यविषयक मानके एप्रिल २०१९ पासून लागू झाली. कागद आहेत. पण दिल्लीच्या दुकानात उभे राहून बाटल्या पाहाव्यात तर डोळ्यांत भरते ते कंपनीचे नाव. मानांकन शोधावे लागते. ब्रिटनच्या मार्क्स अँड स्पेन्सरने नाशिकची वाइन आपल्या नावाखाली विकली, तेव्हा तिला 'ज्युएल ऑफ नासिक' म्हटले. गावाचे नाव पुढे करण्याची हुशारी त्या परक्या दुकानदाराला सुचली.

जॉर्जियाचे उदाहरण इथे उपयोगी आहे. २००६ मध्ये रशियाने जॉर्जियाच्या वाइनवर बंदी घातली आणि त्या चिमुकल्या देशाची सर्वांत मोठी बाजारपेठ एका हुकमाने बंद झाली. रशियाला चालणारी स्वस्त, गोड वाइन इतरत्र कोणी विचारीना. मग तिथल्या उत्पादकांनी जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणांत वाइन मुरवण्याची आपली प्राचीन रीत पुढे आणली. गुणवत्तेची तपासणी कडक केली आणि पाहुण्यांसाठी शेतघरे उघडली. २०१३ मध्ये रशियाने बंदी उठवली; त्याच वर्षी युनेस्कोने त्या रांजणांच्या परंपरेला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात स्थान दिले. यात आलिशान असे काही नव्हते. शेतघरात जेवण आणि शेजारी आजोबांचा रांजण, एवढेच.

परदेशाची वाट अवघड आहे हे खरे. पण आपल्या देशातली वाट त्याहून सोपी आहे असे कोणी समजू नये. फ्रान्स्वा बर्निये हा फ्रेंच वैद्य औरंगजेबाच्या काळात दिल्लीत होता. १६६३ मध्ये लिहिलेल्या पत्रात तो तक्रार करतो की, दिल्लीच्या एकाही दुकानात वाइन मिळत नाही. मिळते ती शिराझची किंवा डचांनी आणलेली कॅनरी बेटांची. शिराझची वाइन सुरतेच्या बंदरात उतरते आणि तिथून दिल्लीला पोचायला सेहेचाळीस दिवस घेते. ती इतकी महाग पडते की तिची चवच मरून जाते, असे त्याचे म्हणणे. आज नाशिकहून दिल्लीला ट्रक दोन दिवसांत येतो. कागदाला मात्र अजूनही बैलगाडीच लागते. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत मादक मद्याचा विषय राज्यांच्या यादीत आहे, आणि पिण्याचे मद्य वस्तू व सेवा कराच्या बाहेर आहे. त्यामुळे प्रत्येक राज्य आपल्या हद्दीत स्वतंत्र देशासारखे वागते. बाटलीवरच्या प्रत्येक लेबलची दर वर्षी वेगळी नोंदणी, तिचे वेगळे शुल्क, इथून पाठवण्याचा परवाना, तिथे आणण्याचा परवाना. राजधानी क्षेत्रात याची मौज अधिकच आहे. दिल्ली, गुरुग्राम आणि नोएडा ही एका मेट्रोने जोडलेली तीन शहरे तीन राज्य-प्रशासनांत येतात. दिल्लीत वाइन घेण्याचे कायदेशीर वय २५, सीमेपलीकडे २१. दिल्लीचे नवे उत्पादन शुल्क धोरण नोव्हेंबर २०२१ मध्ये लागू झाले आणि वर्षाच्या आत गुंडाळले गेले. त्यानंतर झालेल्या चौकश्या आणि अटका वाचकांना ठाऊक आहेत. त्या गदारोळात ज्या लहान वाइनरीने नव्या लेबलांचे पैसे भरले होते, तिची दखल कुणी घेतली?

या पार्श्वभूमीवर आयात शुल्काचा प्रश्न येतो. वर्षानुवर्षे परदेशी वाइनवर १५० टक्के शुल्क होते आणि त्या भिंतीआड आपला उद्योग वाढला. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. त्यानुसार पाच डॉलरहून अधिक किमतीच्या बाटलीवरील शुल्क लगेच १०० टक्क्यांवर आले आणि दहा वर्षांत ते ५० वर येईल. पंधरा डॉलरच्या वरच्या बाटलीसाठी ते ७५ वर आले आणि पुढे २५ पर्यंत उतरेल. युरोपीय संघाशी झालेल्या प्रदीर्घ वाटाघाटींतही वाइन हा पहिल्यापासून ठळक मुद्दा राहिला. म्हणजे अकलूज आणि दिंडोरीच्या उत्तम वाइनची खरी परीक्षा लंडनमध्ये होणार नाही. ती दिल्लीच्या चाणक्यपुरीत आणि मुंबईच्या वांद्र्यात होईल, जिथे ऑस्ट्रेलियाची बाटली तिच्या शेजारी जवळपास त्याच भावात ठेवली जाईल. ज्याला आपल्या घरात गिऱ्हाईक टिकवता आले नाही, त्याच्या निर्यातीला अनुदान देऊन काय साधणार?

आता जमिनीचा प्रश्न. दिल्लीतील गुंतवणूकदाराला तो उशिरा कळतो. महाराष्ट्राच्या कमाल जमीनधारणा कायद्यानुसार पाच जणांच्या कुटुंबाला बारमाही बागायती जमीन १८ एकरांपर्यंत आणि कोरडवाहू ५४ एकरांपर्यंतच ठेवता येते. कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. त्यामुळे युरोपातल्यासारखी शेकडो एकरांची एकमालकी इस्टेट इथे सहसा उभी राहू शकत नाही. फ्रातेलीसारखी कंपनी आपल्या मळ्यांतली द्राक्षे वापरण्यावर भर देते, कारण तिच्या भागीदारांतच एक जुने शेतकरी घराणे आहे. बहुतेकांची भिस्त मात्र करारावरील बागायतदारांवर असते. या कायद्यांना नावे ठेवण्याची फॅशन आहे. मी ती पाळत नाही. द्राक्षाच्या उद्योगातला पैसा गावात थोडाफार राहतो तो याच कायद्यांमुळे.

धोका दुसऱ्या बाजूने येतो. रिसॉर्टसाठी जमीन बिगरशेती करून घेतली की शेजारच्या एकराचा भाव चढतो. मग 'द्राक्षमळ्यातले तुमचे दुसरे घर' अशा पाट्या लागतात, रांगेने बंगले उभे राहतात आणि ज्या वेलींच्या दर्शनासाठी ते घेतले त्या वेली कुंपणापुरत्या उरतात. नाशिकच्या गंगापूर रस्त्याने गेलेल्या कोणालाही हे सांगायला नको. कॅलिफोर्नियातल्या नापाचे नाव आपले मंत्री वारंवार घेतात. त्याच नापा कौंटीने १९६८ मध्ये शेतीसाठी राखीव क्षेत्र ठरवले आणि तिथल्या जमिनीचे किमान तुकडे बांधून दिले. १९९० मध्ये तर वाइनरी कशाला म्हणावे याचीच व्याख्या करून मळ्यावर काय चालेल आणि काय चालणार नाही हे ठरवले. हॉटेले प्रामुख्याने गावठाणात, वेली शेतात. नापाचा नापा झाला तो या मनाईमुळेही. आपल्याकडे त्याचे अनुकरण करायचे तर नाशिक, दिंडोरी, निफाड आणि माळशिरस यांच्या प्रादेशिक आराखड्यांत द्राक्षक्षेत्र म्हणून पट्टे राखावे लागतील. पर्यटन विभागाची सवलत देण्यापूर्वी, खोल्यांच्या प्रत्येक बांधकामामागे किती एकर वेली कायम राहतील याची अट सातबारावर चढवावी लागेल. हे काम जिल्हाधिकाऱ्याचे आहे, त्याला नवा कायदा लागत नाही. मात्र बांधकाम व्यावसायिकांना 'नाही' म्हणणारा जिल्हाधिकारी त्या खुर्चीत दोन वर्षे टिकला पाहिजे.

बागायतदाराची बाजू मी शेवटी ठेवली, कारण धोरणाच्या टिप्पणीत ती नेहमीच शेवटी असते. महाराष्ट्रात द्राक्षवेलीला युरोपसारखी हिवाळी झोप मिळत नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते : एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. जानेवारी ते मार्चमध्ये माल हाती येतो. थॉमसनसारख्या खाण्याच्या द्राक्षांना मण्यांची विरळणी, संजीवकांत घड बुडवणे, असा मजुरीचा मोठा व्याप असतो. वाइनच्या द्राक्षांना तो कमी लागतो. उसाच्या तुलनेत ठिबकवरच्या या बागेला पाणीही पुष्कळ कमी पुरते, आणि माळशिरससारख्या तालुक्यात ही लहान गोष्ट नव्हे. पण एक फरक जीवघेणा आहे. खाण्याची द्राक्षे निर्यातीला गेली नाहीत तर मुंबईच्या बाजारात जातात, तिथेही पडली तर त्यांचा बेदाणा होतो आणि तासगावात विकला जातो. वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान, साल जाड, आत बिया. त्याला वाइनरी सोडून दुसरे गिऱ्हाईक नाही. २००१ च्या राज्याच्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने उत्पादन शुल्काची माफी दिली, विंचूर आणि पलूस इथे वाइन पार्क उभे केले, आणि नाशिक जिल्ह्यात वाइनरींची लाट आली. २००८ च्या अखेरीस मुंबईवरचा हल्ला आणि मंदी एकदमच आली, हॉटेले रिकामी पडली, टाक्या भरलेल्या राहिल्या. कंपन्यांनी माल उचलला नाही. कित्येक शेतकऱ्यांनी वेलींवर कुऱ्हाड चालवली. शुल्कमाफी उद्योगाला होती, मंदीचा तोटा शेतकऱ्याच्या वाट्याला आला.

करार शेतीचा केंद्रीय कायदा दिल्लीच्या सीमांवरील आंदोलनानंतर २०२१ मध्ये मागे घेतला गेला. तो ज्या घाईने आणला होता त्या अर्थी मागे घेणे अटळ होते. पण त्यामुळे वाइनच्या द्राक्षाचा प्रश्न सुटला नाही. राज्याच्या बाजार समिती कायद्यात करार शेतीची तरतूद आहे. तिची अंमलबजावणी हवी. जानेवारी २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वाइनच्या विक्रीकर परताव्याची योजना पाच वर्षांसाठी पुन्हा सुरू केली. वाइनवरच्या २० टक्के विक्रीकरापैकी १६ टक्के उत्पादकाला परत मिळतात. हा जनतेचा पैसा आहे. तो देताना, शेतकऱ्याशी केलेला बहुवार्षिक लेखी करार आणि माल न उचलल्यास द्यायची किमान रक्कम, या दोन गोष्टी पाहूनच परतावा सोडावा, एवढी अट सरकारला घालता येते. मोठ्या कंपन्यांना ती जड जाणार नाही. लहान वाइनरींना जाईल, म्हणून त्यांचा परतावा वेळेवर दिला पाहिजे. थकलेला परतावा हे त्यांच्या मृत्यूचे नेहमीचे कारण असते.

या सगळ्यावर एक आक्षेप उभा आहे आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. राज्यघटनेचे ४७ वे कलम राज्याला मद्यबंदीच्या दिशेने जायला सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले की मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही. ज्या महाराष्ट्रात बायकांनी 'आडवी बाटली'साठी मतदान करून गावातली दुकाने बंद पाडली, तिथे जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटांतून वाइनविक्रीचा निर्णय आला. तेव्हा उठलेला संताप केवळ राजकीय नव्हता. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, हरकती मागवल्या गेल्या आणि निर्णय अडगळीत गेला. त्या वेळी सत्ताधाऱ्यांकडून वाइन म्हणजे दारू नव्हे, असा युक्तिवाद झाला. तो चुकीचा होता. वाइन ही दारूच आहे. तसे मान्य करून मग ती किती, कुठे आणि कोणाला विकायची हे ठरवणे प्रामाणिकपणाचे झाले असते. किराणा दुकानाच्या फळीवर ती ठेवण्याला माझा विरोध आहे. मळ्यावर, जेवणाबरोबर, वयाची खातरजमा करून ती देण्याला नाही. मळ्यावर येणाऱ्याला प्रवास करावा लागतो, पैसे मोजावे लागतात आणि तो सहसा मंगळवारच्या संध्याकाळी मजुरीचे पाकीट घेऊन येत नाही. मद्याच्या विक्रीच्या सर्व रीतींत ही बहुधा सर्वांत कमी हानीची आहे, आणि म्हणूनच मी द्राक्षमळ्यातील निवासाच्या बाजूने आहे. मात्र तिथून घरी गाडी चालवत जाणाऱ्या पाहुण्याची जबाबदारीही परवान्याच्या अटीत यावी.

अकलूजला आलिशान निवास उभा राहील तेव्हा पहिला पाहुणा दिल्लीचा असेल की लंडनचा, हे आज सांगता येत नाही. आसपासच्या गावांतले काही शेतकरी तोवर ऊस मोडून वेली लावायच्या की नाही याचा हिशेब मांडतील. वेल लावल्यापासून कामाचा माल मिळायला साधारण तीन वर्षे जातात. मांडव, ठिबक, खांब यांचे कर्ज पहिल्या दिवसापासून सुरू होते. आणि बागेत खर्चाचा मोठा भाग येतो तो ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. तेव्हा भावाचा आणि उचलीचा करार त्या छाटणीआधी, म्हणजे सप्टेंबरअखेरपर्यंत, नोंदणी होऊन शेतकऱ्याच्या हाती पडला पाहिजे. परताव्याचे पुढचे अर्ज छाननीसाठी येतील तेव्हा राज्य उत्पादन शुल्क विभागाने त्या नोंदणीची प्रत आधी मागावी.